घरगुती गिटार-बूस्टर परिपथातील दोषनिदान : परतवाड्यासारख्या गावात मिळणाऱ्या पर्यायी सुट्या भागांच्या संदर्भात

प्रस्तावना :

विद्युत गिटारच्या तारांखाली बसविलेल्या पिकअपमध्ये निर्माण होणारा संकेत अत्यंत क्षीण, साधारणतः १०० मिलिव्होल्टच्या घरातील असतो. हा संकेत अँप्लिफायरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचे प्रवर्धन करणारी पायाने दाबावयाची लहान पेटी म्हणजे 'बूस्टर पेडल' होय. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात अशा पेट्या वापरात आल्या. त्याच दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथील इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कंपनीने 'एलपीबी-१' हा एकाच ट्रान्झिस्टरवर चालणारा बूस्टर बाजारात आणला. मोजक्या सुट्या भागांत पूर्ण होणारा हा परिपथ आज जगभरचे हौशी वादक व विद्यार्थी घरीच तयार करतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या परतवाड्यासारख्या गावात मात्र असा परिपथ बांधताना एक वेगळी अडचण उद्भवते. आराखडा परदेशी असतो आणि सुटे भाग रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातील. नेमक्या क्रमांकाचा भाग हवा असल्यास सुमारे ५० किलोमीटरवरील अमरावती गाठावी लागते किंवा तो टपालाने मागवावा लागतो. साहजिकच 'त्याच्यासारखा' दुसरा भाग बसविला जातो. पेडल बंद पडल्यावर दोष कोठे शोधावा आणि कोणता पर्याय निर्धोक असतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिपथाची रचना व कार्य :

या परिपथाच्या प्रचलित आराखड्यात ९ व्होल्टची बॅटरी, २एन ५०८८ हा एनपीएन ट्रान्झिस्टर, चार रोध, दोन धारित्रे व आवाज कमी-अधिक करणारा १०० किलो-ओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल एवढेच भाग असतात. ४३० किलो-ओहम व ४३ किलो-ओहम हे दोन रोध बॅटरीच्या विभवांतराची विभागणी करून ट्रान्झिस्टरच्या बेसला सुमारे पाऊण व्होल्ट देतात. कलेक्टरला १० किलो-ओहमचा, तर एमिटरला ३९० ओहमचा रोध जोडलेला असतो. या दोहोंच्या गुणोत्तरावरून प्रवर्धन ढोबळमानाने २५ पट येते. व्हॉल्यूम कंट्रोलचा भार व ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध विचारात घेता ते प्रत्यक्षात २० पटींच्या आसपास राहते. ०.१ मायक्रोफॅरडची दोन धारित्रे संकेताला वाट देतात, परंतु बॅटरीचे एकदिश विभवांतर अडवतात.

दोषनिदानाचा क्रम :

पेडलमधून आवाज येत नाही असे दिसताच ट्रान्झिस्टर उपटून दुसरा बसविण्याकडे नवशिक्याचा कल असतो. ही पद्धत खर्चिक तर आहेच, शिवाय वारंवार तापविल्याने पट्टीवरील तांब्याचा थर सुटून नवे दोष निर्माण होतात. त्याऐवजी पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

प्रथम पेडल बंद स्थितीत ठेवून गिटारचा आवाज थेट अँप्लिफायरपर्यंत जातो काय, हे पाहावे. तो जात नसल्यास दोष परिपथात नसून जॅक, केबल किंवा पायाच्या स्विचच्या जोडणीत आहे. त्यानंतर बॅटरीचे विभवांतर परिपथावर पोहोचते काय, ते मोजावे. अनेक आराखड्यांत बॅटरीचे ऋण टोक स्टिरिओ जॅकच्या मधल्या पत्तीला जोडलेले असते. प्लग घातल्यावरच परिपथ पूर्ण व्हावा, हा त्यामागील हेतू होय. स्टिरिओऐवजी साधा मोनो जॅक वापरल्यास ही पत्तीच नसते आणि जोडणी अपुरी राहते. अ‍ॅडॉप्टर वापरावयाचा असल्यास त्याची धन-ऋण टोके तपासणे अगत्याचे आहे, कारण बहुतेक गिटार पेडलच्या प्लगमध्ये मधले टोक ऋण असते, तर सर्वसाधारण अ‍ॅडॉप्टरमध्ये ते धन असते.

यानंतर गिटार न वाजवता ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरील विभवांतर मल्टिमीटरने मोजावे. परिपथ निर्दोष असल्यास बेसवर सुमारे ०.७५, एमिटरवर सुमारे ०.१५ आणि कलेक्टरवर ४ ते ५.५ व्होल्ट आढळतात. कलेक्टरवर जवळजवळ पूर्ण ९ व्होल्ट आढळल्यास ट्रान्झिस्टरमधून धारा वाहत नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी बेसला जोडलेला मोठा रोध, एमिटरचा सांधा व पायांचा क्रम तपासावा. कलेक्टरवर अर्ध्या व्होल्टहूनही कमी आढळल्यास ट्रान्झिस्टर पूर्णपणे उघडलेला आहे. बेसचा ४३ किलो-ओहमचा रोध सुटला असणे, हे त्याचे नेहमीचे कारण होय.

तिन्ही विभवांतरे योग्य असूनही आवाज नसेल, तर संकेत कोठे थांबतो हे शोधावे. अँप्लिफायरच्या केबलच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडून त्याचे मोकळे टोक परिपथावर क्रमाक्रमाने टेकवीत जावे आणि केबलची बाहेरची तार परिपथाच्या ऋण टोकाला जोडावी. जेथे आवाज नाहीसा होतो, त्याच्या अलीकडचा भाग वा सांधा सदोष असतो. ही कृती केवळ बॅटरीवरील परिपथावर करावी. घरगुती विजेवर चालणाऱ्या उपकरणाच्या अंतर्भागात ती जिवावर बेतू शकते.

पर्यायी भागांचा प्रश्न :

४३० व ४३ किलो-ओहमचे रोध गावात सहसा मिळत नाहीत. ४७० व ४७ किलो-ओहमचे मिळतात. हा पर्याय निर्धोक आहे, कारण येथे रोधांच्या मूल्यापेक्षा त्यांच्या गुणोत्तराला महत्त्व आहे आणि ते दोन्ही जोड्यांत दहास एक असेच राहते. रंगपट्ट्या वाचताना मात्र दक्षता हवी. पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४७० किलो-ओहम, तर पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७ किलो-ओहम.

धारित्राच्या बाबतीत '१०४' ऐवजी '१०३' असा अंक असलेले धारित्र बसविल्यास मूल्य दहापटीने घटते. परिपथ चालतो, परंतु सुमारे ५०० हर्ट्झच्या खालील स्वर क्षीण होतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असल्याने आवाज पातळ व चिरका वाटतो.

सर्वाधिक फसवा पर्याय ट्रान्झिस्टरचा होय. कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा बीसी ५४७ या परिपथात उत्तम काम करतो. परंतु सपाट बाजू समोर धरली असता २एन ५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात, तर बीसी ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. आराखड्यातील चित्राबरहुकूम तो बसविल्यास एमिटर व कलेक्टर यांची अदलाबदल होते. प्रवर्धन जवळजवळ नाहीसे होते आणि कलेक्टरच्या जागी पुरवठ्याच्या जवळपास विभवांतर दिसते. १० किलो-ओहमच्या रोधामुळे धारा अल्प राहत असल्याने ट्रान्झिस्टर सहसा जळत नाही. तो फेकून देण्याची आवश्यकता नसून केवळ अर्धा वळवून बसविणे पुरेसे असते.

घरघरीचे स्वरूप :

आवाज येतो, परंतु त्यासोबत घरघर ऐकू येते, अशा वेळी बॅटरी व अ‍ॅडॉप्टर आळीपाळीने लावून पाहावेत. बॅटरीवरही घरघर राहिल्यास ती बहुधा भोवतालच्या वीजवाहिन्यांतून आलेली ५० हर्ट्झची असते. परिपथ धातूच्या डबीत बसवून ती डबी ऋण टोकाला जोडल्यास ती कमी होते. केवळ अ‍ॅडॉप्टरवरच घरघर असेल, तर दोष अ‍ॅडॉप्टरमध्ये आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरयुक्त अ‍ॅडॉप्टरमध्ये ती प्रायः १०० हर्ट्झची असते.

निष्कर्ष :

सुट्या भागांची टंचाई हे परतवाड्यासारख्या गावातील वास्तव आहे. तेथे पर्याय वापरणे अपरिहार्य असले, तरी पर्याय निवडताना 'दिसायला सारखा' हा निकष अपुरा ठरतो. मूळ भाग परिपथात कोणते कार्य करतो आणि त्या कार्यासाठी त्याचा कोणता गुण आवश्यक आहे, हे आधी ठरवावे लागते. रोधांचे गुणोत्तर, धारित्राचे मूल्य व ट्रान्झिस्टरच्या पायांचा क्रम ही त्याची तीन उदाहरणे होत. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने पुस्तकात शिकलेला ओहमचा नियम येथे साध्या मल्टिमीटरच्या साहाय्याने पडताळता येतो. बंद पडलेले पेडल हे म्हणूनच अपयशाचे चिन्ह नसून मोजमापातून कारणापर्यंत पोहोचण्याची सवय लावणारे स्वस्त प्रयोगसाहित्य ठरते.