बल्बपर्यंतची वाट: जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींचे वायरिंग आणि रिले

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीचा हेडलाइट पिवळा, मरगळलेला पेटतो तेव्हा दोष बहुधा बल्बचा नसतो. बॅटरीतून निघालेला करंट अमीटर, लाइटचा स्विच, डिपर, दोन-चार जोड आणि काळवंडलेली तांब्याची तार अशी लांबची वाट करून बल्बपाशी पोचतो. परततानाही त्याला कित्येकदा हँडलच्या ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून जावे लागते. या वाटेत जे सांडते ते रिले वाचवतो. रिले वीज तयार करत नाही, उजेडही निर्माण करत नाही. गाडीने आधीच तयार केलेली वीज बल्बच्या हाती पुरती पडेल एवढेच तो पाहतो.

बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस या घराण्यांच्या जुन्या गाड्या महाराष्ट्रात आता हौशी संग्राहकांकडेच दिसतात. रोजच्या वापरात टिकली ती बुलेट. इंग्लंडमधल्या रेडिच गावी रॉयल एनफील्डने १९४९ च्या सुमारास ३५० सीसीची नवी बुलेट आणली. भारतीय सैन्याने ती सीमेवरच्या कामासाठी निवडली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन तिरुवोट्टियूरला एनफील्ड इंडियाचे काम सुरू झाले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधले उत्पादन थांबले, इकडचे चालूच राहिले. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बुलेटच्या वायरिंगची ठेवण मुळात ब्रिटिशच आहे: हेडलाइटवरच्या ओतीव खोक्यात अमीटर आणि स्विच, वर दोन बाजूंना दोन छोटे दिवे, आणि सगळा करंट त्या खोक्यातून जाणारा.

या ठेवणीची कसोटी घाटात लागते. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारा रस्ता मेळघाटच्या जंगलातून वळणे घेत जातो. वळणावर गाडी सावकाश चालते, इंजिनाचे फेरे कमी होतात, तशी वीजही कमी तयार होते आणि दिव्याचा सगळा भार बॅटरीवर येतो. नेमक्या त्याच वेळी वळणापलीकडे सांबर उभे आहे की नाही, हे दिसायला हवे असते. पावसाळ्याचे चार महिने या भागातली हवा इतकी ओली असते की पितळी टोकांवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर दूर. अशा ठिकाणी दिवा धड असणे ही चैन नव्हे.

ब्रिटिश गाड्यांचे बहुतेक विजेचे सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे असे. याच कंपनीच्या भागीदारीतून पुढे मद्रासला १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस उभी राहिली. आरंभीच्या गाड्यांत मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र बांधलेला ‘मॅगडायनो’ असे. त्यात ठिणगीसाठी मॅग्नेटो स्वतंत्र असल्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चाले, फक्त दिवे जात. लुकासचा नेहमीचा डायनॅमो ६ व्होल्टचा आणि जास्तीत जास्त ६० वॅटचा. पुढे अल्टरनेटर आणि कॉइलचे इग्निशन आले तेव्हा दिवे आणि ठिणगी एकाच बॅटरीवर अवलंबून राहिली. ६ व्होल्टच्या लुकास अल्टरनेटरमध्ये आणखी एक चलाखी होती. दिवसा सहापैकी काहीच वेटोळी कामाला असत. हेडलाइटचा स्विच फिरवला की उरलेली त्यांना जोडली जात. म्हणजे तो स्विच दिवाही लावी आणि चार्जिंगही वाढवी. रिले बसवताना हे विसरणारा माणूस दिवा झकास लावतो आणि तासाभरात बॅटरी उतरवून बसतो.

६ व्होल्टला सांडलवंड का परवडत नाही, ते हिशेबाने कळते. ३६ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर ६ अँपिअर करंट लागतो. बॅटरीच्या टोकांवर ६.३ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या होल्डरवर ५.१, असे समजू. वाटेत गेले १.२ व्होल्ट; कमी व्होल्टेजवर बल्बचा करंटही ६ अँपिअरहून थोडा उतरतो, म्हणजे रोध जेमतेम ०.२२ ओहम. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण तंतूच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार झपाट्याने उतरतो: साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने. म्हणून १९ टक्के व्होल्टेज गेले की उजेड निम्म्यावर येतो. तेवढ्याच वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर लावला तर करंट ३ अँपिअर, त्याच वाटेतली तूट ०.६६ व्होल्ट, आणि उजेड ८० टक्क्यांच्या वर राहतो. जुन्या गाड्यांचा अंधार बल्बपेक्षा जोडांत जास्त आहे, हे या दोन आकड्यांत दिसते.

म्हणून पाना उचलण्याआधी मल्टिमीटर उचलावा. हेडलाइट चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या जिवंत टोकावर, दुसरे होल्डरच्या जिवंत टोकावर ठेवले की जाण्याच्या वाटेतली तूट थेट दिसते. मग बॅटरीचे अर्थचे, म्हणजे सांगाड्याला जोडलेले, टोक आणि होल्डरची अर्थ यांच्यात तेच करावे. दुसरा आकडा मोठा आला तर आधी होल्डरपासून थेट बॅटरीपर्यंत नवी अर्थ ओढावी. एवढ्यानेच पुष्कळ गाड्या उजळतात.

रिलेची कल्पना मोटारीहून बरीच जुनी आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी विद्युतचुंबकाने दूरचे दुसरे मंडल चालू करून दाखवले आणि तारयंत्राला तीच युक्ती कामी आली. डाकेचा स्वार टप्प्यावर पोचला की थकलेला घोडा सोडून ताजा घेई. तसा लांबून आलेला क्षीण संदेश टप्प्यावरच्या ताज्या बॅटरीच्या स्वाधीन होई. मोटारसायकलीवरचे चौकोनी रिलेही हेच करतात. आत तारेचे वेटोळे असते. त्याला थोडा करंट मिळाला की ते चुंबक होते, लोखंडी पट्टी खेचते आणि दोन जाड संपर्क मिटतात. ८५ आणि ८६ ही टोके वेटोळ्याची. ३० वर बॅटरीची जाड वायर येते आणि ८७ वरून बल्बकडे जाते. पाच टोकांच्या रिलेतले ८७अ हे टोक रिले बंद असताना जोडलेले असते; हेडलाइटला त्याची गरज नाही.

१२ व्होल्टच्या रिलेच्या वेटोळ्याला सुमारे ०.१५ अँपिअर पुरतात. फायदा केवळ बल्बचा नाही. स्विचच्या संपर्कात ०.१ ओहम रोध असेल आणि त्यातून ६ अँपिअर जात असतील तर त्या एवढ्याशा जागेत ३.६ वॅट उष्णता सतत तयार होते. बेकेलाइट करपते, स्प्रिंग मऊ पडते, रोध आणखी वाढतो. ०.१५ अँपिअरला तोच संपर्क थंड राहतो. मूळ स्विच मिळणे दिवसेंदिवस अवघड होत असताना ही बचत उजेडाइतकीच मोलाची आहे.

हेडलाइटला दोन रिले लागतात, एक अप्परचा, एक डिपरचा. होल्डरकडे जाणाऱ्या जुन्या दोन वायरी आता दोन रिलेंच्या वेटोळ्यांना जोडायच्या आणि बॅटरीपासून फ्यूजमार्गे दोन-अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर दोन्ही ३० ना द्यायची. जुनी वायर कापू नये. तिच्या टोकाला थिंबल लावून जोडावे, म्हणजे पुढच्या मालकाला हवे तर गाडी जशीच्या तशी मूळ रूपात नेता येते. थिंबल दाबून बसवलेले बरे. डाक दिलेली तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने डाकेच्या कडेलाच तुटते.

फ्यूजबाबत एक सावधगिरी. अनेक जुन्या गाड्यांत फ्यूजच नसे. पुढे आला तो ३५ अँपिअर लिहिलेला, पण ब्रिटिश पद्धतीत तो आकडा वितळण्याचा असे. सतत पेलायचा करंट त्याच्या निम्म्याच्या आसपास. आजचा ३५ चा फ्यूज त्या जागी लावणे म्हणजे वायरलाच फ्यूज करणे. हेडलाइटच्या फांदीला १० ते १५ अँपिअर पुरेत.

अमीटरचा प्रश्नही येतो. रिलेची वायर थेट बॅटरीवरून घेतली तर दिव्याचा करंट अमीटरला दिसत नाही. अल्टरनेटरकडून दिव्यासाठी आलेला करंट मात्र अमीटरमधून जातो आणि काटा बॅटरी भरत असल्याचे खोटेच सांगतो. खरा आकडा हवा तर वायर अमीटरच्या पलीकडून घ्यावी. पण मग थरथरीने ढिला होणारा अमीटर पुन्हा मुख्य वाटेत येतो. रात्री जंगलातून जाणाऱ्या गाडीला थेट बॅटरीचीच जोडणी योग्य.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. साध्या रिलेच्या वेटोळ्याला उलटसुलट चालते, पण आत डायोड असलेला रिले अशा गाडीवर उलटा जोडला तर डायोडमधून थेट शॉर्ट होतो. डायोडऐवजी आत रोधक असलेला रिले घेतला की हा घोळ उरत नाही. ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचाच रिले हवा. १२ चा रिले ओढून घ्यायलाच सात-आठ व्होल्ट मागतो. ते जमत नसेल तर गाडीच १२ व्होल्टची करावी. लुकासच्या अल्टरनेटरला त्यासाठी हातही लावावा लागत नाही. नवा रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरी, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि बल्ब बदलले की झाले, आणि स्विचने वेटोळी जोडण्याची जुनी भानगडही संपते.

रिलेची मर्यादा कमाईची आहे. ६० वॅटच्या डायनॅमोवर ६०/५५ वॅटचा हॅलोजन लावला तर रिले त्याला इमानाने पूर्ण करंट देईल आणि बॅटरी तितक्याच इमानाने रिकामी होईल. अशा गाडीला ३५ वॅटचा बल्ब किंवा चांगल्या घडणीचा एलईडी शोभतो. हॉर्नला स्वतंत्र रिले जरूर द्यावा, कारण त्याचे बटण हँडलमधून अर्थ शोधत असते. इग्निशनला मात्र देऊ नये: दिव्याचा रिले बिघडला तर अंधार होतो, ठिणगीचा बिघडला तर गाडीच थांबते.

रिले टाकीखाली किंवा टूलबॉक्सच्या आत, रबरावर, टोके खाली करून बसवावेत. पाणी आत न मुरता निथळते. टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. काम झाल्यावर पुन्हा मल्टिमीटर धरावा: बॅटरी ते होल्डर तूट ०.३ व्होल्टच्या आत आली पाहिजे. हॉर्नचा आणि दिव्यांचे रिले एकाच नमुन्याचे ठेवले तर वाटेत अदलाबदल करता येते. टूलबॉक्समध्ये दोन्ही टोकांना थिंबल लावलेला वीतभर वायरीचा तुकडा असावा. रिले बंद पडला तर तो उपटून सॉकेटच्या ३० आणि ८७ या घरांत ती वायर खोचायची, दिवा लागतो. तो मग स्विचने विझत नाही, मुक्कामी पोचल्यावर वायर काढावी लागते.