जुन्या जीपसाठी ब्लॉक निवडताना

विलीज जीपचं इंजिन खोलल्यावर मिस्त्री 'ब्लॉक गेलाय' म्हणाला, की बहुतेक मालक लगेच भंगार बाजार गाठतात. ही घाई महागात पडते. गेलेला दिसणारा ब्लॉक पुष्कळदा वाचवता येतो आणि बाजारातला, रंग मारून चकचकीत केलेला ब्लॉक त्याहून वाईट निघू शकतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं इंजिन म्हणजे 'गो डेव्हिल'. टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या आधीच्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनातून डेल्मर रूस यांनी ६० अश्वशक्ती काढली. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर, बोअर ३.१२५ इंच. पुढचं 'हरिकेन' त्याच बोअर-स्ट्रोकचं. महिंद्राच्या सीजे-३बी जीपमुळे आपल्याकडे परिचयाचं झालं. मात्र गो डेव्हिलचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, तर हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये. त्यामुळे एकाचं हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर बसत नाही. शिवाय सुरुवातीच्या गो डेव्हिलला टायमिंग चेन, नंतरच्यांना गिअर. चेनवर कॅम क्रँकच्या दिशेने फिरतो, गिअरवर उलटा. म्हणून कॅमशाफ्ट आणि ऑइल पंप जोडीचेच हवेत. ब्लॉक बघायला जाताना जुना कॅम सोबत नेलेला बरा.

सगळ्यात आधी शोधायची ती भेग. या ब्लॉकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये लोखंडाची अरुंद पट्टी उरते. तिथे उष्णता सगळ्यात जास्त, आणि पाणी कमी असताना गाडी दामटली की तिथेच तडा जातो. काजळीखाली तो दिसत नाही. ब्लॉक आधी केमिकलच्या टाकीत उकळून स्वच्छ करावा, मग भेग दाखवणारा लाल डाय मारून पुसावा आणि वर पांढरं डेव्हलपर फवारावं. तडा असेल तर काही मिनिटांत केसासारखी लाल रेघ उमटते. त्यानंतर पाण्याच्या वाटा बंद करून हवेच्या दाबाची चाचणी घ्यावी. ही दोन कामं होईपर्यंत बोअरिंगचा एक रुपयाही देऊ नये, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

मग मापं. बोअर गेज वरच्या कडेच्या थोडं खाली, मध्ये आणि तळाशी, क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं, असं लावावं. आडव्या दिशेला झीज जास्त असते, कारण पिस्टन त्या भिंतींवर रेटला जातो. वर-खाली किंवा आडव्या-उभ्या मापात इंचाच्या पाच हजारांशाच्या आसपास फरक गेला, की बोअर करावाच लागतो. ब्लॉक ४० हजारांश ओव्हरसाइजपर्यंत आधीच नेलेला असेल, तर पुढचा मार्ग स्लीव्हचा. माझ्या मते बाहेरून गंजलेला पण कधीही बोअर न झालेला ब्लॉक केव्हाही चांगला. सौदा करताना मेन बेअरिंगच्या कॅप त्याच ब्लॉकच्या आहेत ना, तेही बघावं. त्या ब्लॉकसोबतच एका रेषेत बोअर केलेल्या असतात. दुसरीकडच्या कॅप लावल्या तर लाइन बोअरिंगचा खर्च वाढतो.

मशिनवर काम एका क्रमाने चालतं. कॅप टॉर्कनुसार आवळून आधी क्रँकची रेष तपासायची, मग वरचा फेस तिला समांतर करायचा आणि सिलिंडर तिला काटकोनात बोअर करायचे. बोअरिंगआधी पिस्टन हातात असावेत. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा सिलिंडर कापावा. शेवटचे दोन-तीन हजारांश होनिंगसाठी राखायचे, म्हणजे रिंगांना लागणारी तिरकी जाळी नीट उमटते.

होनिंगची पूड ऑइल गॅलरीत राहिली, तर नवीन बेअरिंग थोड्याच दिवसांत खाते. गॅलरीचे प्लग काढून, गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासावं. कोकणपट्टीच्या दमट हवेत धुतलेल्या लोखंडावर गंज चटकन चढतो, म्हणून हवा मारून लगेच तेल लावावं.

दुसरा ब्लॉक घेतलाच, तर विकणाऱ्याकडून पावती घ्यावी आणि आरटीओत आरसीवरचा इंजिन नंबर बदलून घ्यावा. जुन्या जीपच्या व्यवहारात खरेदीदार आधी तो नंबरच ताडून पाहतात, आणि मूळ नंबरच्या जीपला मागणी जास्त असते. मूळ ब्लॉक स्लीव्ह टाकून किंवा भेगेला स्टिचिंग करून उभा राहत असेल, तर मी तोच ठेवीन.