तीन गुंठ्यांची गळती

शहाद्यात घरात कुणाला डेंग्यू निघाला की दोन चौकश्या सुरू होतात: प्लेटलेट किती, आणि पपईची पानं कुणाच्या शेतातून आणायची? पानांना इथे काय तोटा, तालुकाच पपईचा. पण डेंग्यूत बहुतेकदा घात करते ती रक्तवाहिन्यांतून होणारी गळती, आणि तिची चौकशी कुणी करत नाही.

रक्तवाहिन्यांना आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. पेशी सुमारे 60 हजार कोटी. उलगडून शेतात अंथरलं, तर कमीत कमी अंदाजानंही अडीच-तीन गुंठे झाकेल. दोन पेशींमधली फट जेमतेम 3 नॅनोमीटर. अशा 25 हजार फटी शेजारी शेजारी मांडल्या की एका केसाची जाडी भरते.

डास चावल्यावर गांधी उठते, ती याच फटीमुळे. कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात. ते अस्तराच्या पेशीला चिकटलं की तिच्या आत कॅल्शियम उसळतं. एरवी ते बाहेर आतल्यापेक्षा 10 हजार पट असतं, दाराशी कायम गर्दी. पेशी आक्रसते, शेजारणीचा धरलेला हात सोडते, फट शंभर पट नि त्याहून रुंदावते. बोट जाईल एवढ्या फटीतून माणूस जावा, तसं. रक्तातलं पाणी कातडीत पाझरतं आणि तासाभरात गांधी बसते. हिस्टामिन तसं गरीबच. अमेरिकेत सेंगर आणि ड्वोरॅक यांनी 1983 साली कर्करोगाच्या पेशींतून मिळवलेलं एक प्रथिन वाहिन्या पाझरवण्यात त्याच्या सुमारे 50 हजार पट जहाल भरलं!

डेंग्यूत विषाणूचं एनएस1 प्रथिन आणि शरीराचेच रासायनिक निरोप मिळून ही दारं अंगभर उघडतात. हिशेब करा. रक्त 5 लिटर. त्यात पेशी 2, प्लाझ्मा 3. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला पेशींचा टक्का, 40 वरून 48 वर गेलं, म्हणजे 800 मिलीलिटरहून जास्त प्लाझ्मा वाहिन्यांबाहेर गेला, पोटात आणि फुप्फुसांभोवती. जखम नाही, थेंबही दिसत नाही. तेही बहुधा ताप उतरताना, घरचे निर्धास्त होतात तेव्हा. पपईच्या रसानं ही गळती थांबते याला भरवशाचा पुरावा नाही.

तेव्हा रिपोर्टमध्ये प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटची, म्हणजे पीसीव्हीची, ओळही वाचा. ताप उतरल्यावरच्या 24 ते 48 तासांत पोट दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.