पेप्टाइड सीरम विकायचंय? आधी बाटलीतला हिशोब समजून घ्या



पोलादपूरच्या बॅचमध्ये लेक्चर संपल्यावर एक ताई थांबल्या. घरगुती ब्युटी पार्लर चालवतात. मोबाइलवर त्यांनी एका पांढऱ्या पावडरच्या कुपीचा फोटो दाखवला. "दादा, ही पेप्टाइडची पावडर ऑनलाइन मिळते. मागवते, गुलाबपाण्यात मिसळते आणि बाटल्या भरते. पार्लरला येणाऱ्या बायका सारख्या विचारतात." बचत गटातून चाळीस हजार उचलायची त्यांची तयारी होती. मी फोटो मोठा करून बघितला. कुपीवर लिहिलं होतं, 'फक्त संशोधनासाठी'.

आजचा लेख त्या एका ओळीवर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात स्वतःच्या ब्रँडचा सीरम आहे, त्यामुळे नीट वाचा.

पेप्टाइड म्हणजे नक्की काय?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. त्या माळेचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. प्रयोगशाळेत हा तुकडा एकेक मणी ओवावा तसा जोडतात. ही पद्धत अमेरिकेतल्या ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली मांडली आणि त्यासाठी त्यांना १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सौंदर्यप्रसाधनात हे आलं कसं? १९९३ साली संशोधकांना दिसलं की कोलॅजनमधला पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा प्रयोगशाळेतल्या पेशींना नवीन कोलॅजन बनवायला लावतो. पण बशीतल्या पेशींवर कातडीचं कवच नसतं, आपल्या चेहऱ्यावर असतं. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू त्वचेतून सहज आत जात नाही, असा ढोबळ नियम आहे. हा पाच मण्यांचा तुकडा त्याहून जड, वर पाण्यात विरघळणारा. म्हणून त्याला तेलकट आम्लाची शेपटी जोडली, म्हणजे त्वचेच्या तेलकट थरात तो जरा सोपा शिरतो. हेच पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड. बाजारात ते मॅट्रिक्सिल नावाने ओळखलं जातं.

प्रयोगात किती घातलं होतं?

धंद्याच्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. २००५ साली या पेप्टाइडची चाचणी प्रसिद्ध झाली. ९३ महिला, १२ आठवडे, अर्ध्या चेहऱ्याला पेप्टाइडवालं क्रीम आणि अर्ध्याला साधं. बारीक सुरकुत्यांत फरक दिसला. फरक मोजता येण्याइतका होता, पण माणूस दहा वर्षांनी तरुण दिसेल असा नव्हता. चाचणी करणारे प्रसाधन कंपनीतलेच होते, हेही लक्षात ठेवा.

क्रीममध्ये पेप्टाइड किती होतं? दहा लाख भागांत ३ भाग. म्हणजे ३० ग्रॅमच्या डबीत ०.०९ मिलिग्रॅम. एका ग्रॅममध्ये अकरा हजारांहून जास्त डब्या होतील! आता सांगा, चमच्याने पावडर घालून हे माप घरी कसं साधणार?

दुसरं उदाहरण आर्जिरेलिनचं, म्हणजे असिटाइल हेक्झापेप्टाइडचं. बाटलीवर '१० टक्के' लिहिलेलं असतं. पण कारखान्याला तो कच्चा माल बहुतेक वेळा द्रावणाच्या रूपात मिळतो आणि त्या द्रावणात पेप्टाइड ०.०५ टक्के असतं. १० टक्के द्रावण घातलं की बाटलीत खरं पेप्टाइड ०.००५ टक्के. ३० ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅम. ही फसवणूकच असते असं नाही, पण ग्राहकाने विचारलं तर उत्तर तुमच्याकडे हवं.

'फक्त संशोधनासाठी' म्हणजे काय?

म्हणजे हा माल परीक्षानळीसाठी आहे, माणसाच्या अंगाला लावण्यासाठी नाही. त्यात जंतू आहेत का, उरलेली रसायनं किती, याची प्रसाधनासाठी लागणारी तपासणी झालेली असेलच असं नाही. त्यात गुलाबपाणी म्हणजे पाणीच. योग्य प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी यायला कितीसा वेळ लागतो? आणि कोणी अशीच कुपी 'इंजेक्शनने घ्या' म्हणून विकत असेल, तर तिथून सरळ उठून या. टोचायची वस्तू कायद्याने सौंदर्यप्रसाधन होतच नाही.

पुरवठादार 'शुद्धता ९८ टक्के' असा कागद दाखवतो. तो आकडा एचपीएलसीचा असतो. सापडलेल्या पेप्टाइडपैकी हवं ते किती, एवढंच तो सांगतो. पावडरीतलं पाणी आणि क्षार त्यात धरलेले नसतात. म्हणून 'निव्वळ पेप्टाइड किती' हा आकडा वेगळा मागायचा. हा कागद वाचायला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. महाडच्या एमआयडीसीत क्यूसी लॅबला काम करणारा भाऊ, भाचा, शेजारी तुमच्या ओळखीत असेलच. चहा पाजा आणि कागद समोर ठेवा.

मग कायदेशीर रस्ता कोणता?

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम. विकण्यासाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरचं स्वयंपाकघर त्यात बसत नाही. तीन पर्याय आहेत:

१. स्वतःचं युनिट: परवाना फॉर्म सीओएस-८. जागा, यंत्रं, तज्ज्ञ माणूस, सगळं तुमचं. सुरुवातीला जड जातं.
२. लोन लायसन्स: फॉर्म सीओएस-९. परवाना तुमच्या नावावर, माल दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात.
३. प्रायव्हेट लेबल: कारखाना त्याच्या परवान्यावर बनवतो, तुम्ही तुमच्या नावाने विकता.

नवशिक्याने तिसऱ्यापासून सुरुवात करावी. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी आहे का बघा. यादी जास्तीकडून कमीकडे असते, पण १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे पेप्टाइडचं नाव त्यात वर दिसलं म्हणून ते जास्त आहे असं समजू नका.

दाव्यांचंही भान ठेवा. 'त्वचा मऊ दिसते', 'बारीक रेषा कमी दिसतात' इथपर्यंत ठीक. 'वांग बरे करतो' म्हटलं की तुम्ही औषधाच्या हद्दीत गेलात. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा नियमात बसत नाही. आणि महाड-पोलादपूरसारख्या गावात एका ताईचा चेहरा लाल झाला की बातमी संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचते.

ताईंनी काय केलं?

पावडर मागवली नाही. कर्जही उचललं नाही. परवानाधारक कारखान्याकडून २४ बाटल्या घेतल्या, त्याही पार्लरच्या कमाईतून. प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबायला सांगतात. नफा बाटलीमागे कमी आहे, हे त्या स्वतःच सांगतात. स्टॉक मी मुद्दाम कमी घ्यायला लावला. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत काय झालं ते आपण पाहिलंय. माझ्याही दुकानात चिखल होता. तेव्हापासून माझा नियम आहे, बुडाला तरी घर चालेल एवढाच माल भरायचा.

आजचा गृहपाठ: तुमच्या जवळच्या दुकानातला एक पेप्टाइड सीरम हातात घ्या. परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी वहीत उतरवा. '१० टक्के' लिहिलं असेल तर कशाचे १० टक्के, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा. तुमच्या ब्रँडबद्दल ग्राहक हाच प्रश्न विचारणार आहे, तर उत्तर आधीच तयार ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.