रोझमेरीचें तेल व त्याचे उपयोग

परीक्षेचे दिवस समीप आले म्हणजे स्मरणशक्ति वाढविणाऱ्या पदार्थांचा शोध घरोघर सुरू होतो. बदाम, ब्राह्मी, शंखपुष्पी हीं नांवें सर्वांस परिचित आहेत. अलीकडे त्यांत एका लहानशा काचेच्या कुपीची भर पडली आहे. रोझमेरी नामक वनस्पतीचें तेल तिच्यांत असतें. तें हुंगिलें असतां पाठ लक्षांत राहतो व डोक्यास लाविलें असतां केस दाट होतात, असें विक्रेते सांगतात. कित्येक आईबाप मुलांच्या हितबुद्धीनें ही कुपी विकत आणितात. तेव्हां तिचा गुण किती व अपाय कोणता, हें विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

रोझमेरी हें भूमध्य समुद्राच्या कांठीं कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर आपोआप उगवणारें सदाहरित झुडूप आहे. त्याचीं पानें सुईसारखीं अरुंद, वरून गर्द हिरवीं व खालून पांढुरकीं असतात, फुलें निळसर. आपली तुळस, पुदिना व सब्जा हीं त्याच्याच कुळांतलीं होत. लॅटिन भाषेंत ‘रोस’ म्हणजे दंव व ‘मारिनुस’ म्हणजे समुद्राचें. यावरून हें नांव पडलें. इंग्रजी उच्चारामुळें त्यांत मरियेचें नांव आहे असा कित्येकांचा समज होतो. पवित्र मरियेनें आपला निळा झगा या झुडुपावर पसरिला, म्हणून त्याचीं पांढरीं फुलें निळीं झालीं, अशी कथाही युरोपांत सांगतात. कथा गोड खरी, परंतु पवित्र शास्त्रांत या झुडुपाचा उल्लेख कोठेंही नाहीं.

हें तेल घाण्यावर काढीत नाहींत. पाला मोठ्या भांड्यांत भरून त्यांतून पाण्याची वाफ सोडितात. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतलें तेल वाफेबरोबर वर चढतें, व ती वाफ थंड केली म्हणजे पाण्यावर तरंगूं लागतें. शंभर किलो पाल्यापासून किलोच्या आतबाहेरच तेल हातीं येतें. यावरून एका थेंबांत केवढा अर्क सांठविलेला असतो याची कल्पना करावी. विद्यार्थ्यांस एक प्रयोग सहज करितां येईल. कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब व या तेलाचा एक थेंब टाकून कागद उन्हांत ठेवावा. पहिल्याचा डाग राहील, दुसरा बहुतेक उडून जाईल. या उडून जाण्यांतच त्याचा सुवास आहे.

रसायनशास्त्रदृष्ट्या पाहतां त्यांत मुख्यतः सिनिओल, कापूर व पायनीन हीं द्रव्यें असतात. सिनिओल हेंच निलगिरीच्या तेलांतलें मुख्य द्रव्य. कापराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. मोरोक्को व ट्युनिशिया येथील तेलांत सिनिओल अधिक, तर स्पेनच्या तेलांत कापूर अधिक असतो. म्हणून एका कुपीचा गुण दुसरीत असेलच असें नव्हे.

सुगंधी तेलांनीं उपचार करण्याच्या पद्धतीस ‘अ‍ॅरोमाथेरपी’ हें नांव रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाच्या इ.स. १९३७ च्या ग्रंथावरून मिळालें. इ.स. १९१० मध्यें प्रयोगशाळेंतील स्फोटांत तो भाजला. त्यानें भाजलेला हात लव्हेंडरच्या तेलांत बुडविला व तो तत्काळ बरा झाला, ही रंगविलेली हकीकत पुष्कळ ठिकाणीं छापलेली आढळते. त्यानें स्वतः लिहिलें तें याहून साधें आहे: जखमा चिघळूं लागल्यावर त्या लव्हेंडरच्या तेलानें धुतल्या, व चिघळणें थांबलें. चांगल्या गोष्टीस मीठमसाला लावण्याची खोड सर्व देशांत सारखीच दिसते.

आतां स्मरणशक्तीकडे वळूं. युरोपांत रोझमेरी हें फार काळापासून स्मरणाचें चिन्ह आहे. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकांत ऑफिलिया ती त्याच अर्थानें देते. ऑस्ट्रेलियांतील लोक २५ एप्रिल रोजीं युद्धांत पडलेल्यांच्या आठवणीसाठीं हिची डहाळी छातीवर लावितात. गॅलिपोलीच्या रणभूमीवर ती रानटी उगवते. परंतु चिन्ह निराळें व परिणाम निराळा. ब्रिटनमधील नॉर्थंब्रिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं १४४ माणसांच्या तीन तुकड्या केल्या. एक रोझमेरीच्या वासांत, एक लव्हेंडरच्या वासांत व एक वासावांचून बसविली. रोझमेरीच्या तुकडीची स्मरणाची प्रत सुधारलेली आढळली, पण आठवण्याचा वेग मंदावला, असें इ.स. २००३ मध्यें प्रसिद्ध झालें. परीक्षेंत समोर घड्याळ असतें, तेव्हां ही दुसरी गोष्ट विसरून चालणार नाहीं! पुढें इ.स. २०१२ मध्यें तेथेंच २० जणांवर केलेल्या प्रयोगांत श्वासावाटे सिनिओल रक्तांत उतरतें, व तें ज्यांच्या रक्तांत अधिक त्यांचीं वजाबाकीचीं उत्तरें अधिक बरीं, असें दिसलें. हे प्रयोग निरोगी प्रौढांवरचे व अल्पकाळचे होत. न वाचलेला धडा हुंगून आठवावा, असें त्यांत कोठेंही नाहीं.

केसांविषयींचा पुरावा किंचित् बरा आहे. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथें चाई लागलेल्या रोग्यांच्या डोक्यास थाइम, रोझमेरी, लव्हेंडर व सीडरवुड यांचें मिश्रण चोळण्यांत आलें. त्यांपैकीं शेंकडा ४४ जणांस गुण आला; ज्यांस नुसतें साधें तेल चोळलें त्यांत तो शेंकडा १५ जणांसच आला. ही गोष्ट इ.स. १९९८ ची. परंतु चार तेलांच्या मिश्रणाचें श्रेय एकट्या रोझमेरीस देणें न्याय्य नव्हे. इ.स. २०१५ मध्यें इराणांतील १०० टक्कल पडूं लागलेल्या पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत हें तेल व शेंकडा २ मिनॉक्सिडिल यांचा गुण सहा महिन्यांअंतीं सारखाच आढळला. तीन महिन्यांपर्यंत मात्र कोणासही फरक दिसला नाहीं. शिवाय साध्या तेलाशीं तुलना त्यांत नव्हती.

अपायाविषयीं मात्र थोडें थांबून सांगितलें पाहिजे, कारण येथें हयगय जिवावर बेतूं शकते. कुपींतलें तेल तसेंच अंगास लावूं नये. चहाच्या एका चमचाभर खोबरेल किंवा तिळाच्या तेलांत दोन थेंब पुरेत, व तेंही आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. हें तेल पोटांत कदापि घेऊं नये. कापूर लहान मुलांच्या पोटांत गेला असतां झटके येतात. म्हणून अपस्माराचा विकार असलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं हें तेल वर्ज्य करावें. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ वा तोंडावर तें लावूं नये. त्यांचा श्वास अडूं शकतो. दमेकऱ्यांनीं डॉक्टरांस विचारावें. मुलानें तेल प्यालेंच, तर ओकारी काढण्याच्या भरीस न पडतां कुपीसह त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. ओकतांना तेल फुप्फुसांत शिरण्याचें भय असतें. डोळ्यांत गेल्यास पुष्कळ स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा.

ज्यांस केवळ सुवासाची आवड आहे त्यांनीं कुंडींत एक रोप लावावें. आपल्या देशांत निलगिरी पर्वतावर याची लागवड होते. कुंडीच्या मातींत वाळू पुष्कळ घालावी, ऊन भरपूर द्यावें, व पावसाळ्यांत कुंडी पागोळ्यांपासून दूर ठेवावी. मुळाशीं पाणी सांचलें कीं रोप कुजतें. अभ्यासास बसतांना एक पान बोटांत चुरगळलें म्हणजे हवा तेवढा वास मिळतो.