गाडी ‘डाउन’ करताय? स्प्रिंग कापू नका, आधी हे वाचा

आंजी (मोठी) : कार थोडी खाली बसली की रुबाबदार दिसते, वळणावर कमी झुकते. पण तीच गाडी रोज वर्ध्याला न्यायची, घरचे पाच जण अन् डिक्कीत बियाण्याच्या बॅगा भरून आणायची, तर हिशेब वेगळा.

स्विफ्टचं उदाहरण घ्या. जमिनीपासून तिची उंची १६३ मिमी. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषात गतिरोधक १०० मिमी उंच. गावातले ब्रेकर अनेकदा त्याहून उंच अन् टोकदार असतात. गाडी ४० मिमी खाली घेतली तर उरले १२३. भरलेली गाडी आणखी दबते, मग चेंबर घासणारच.

स्प्रिंग आखूड झाली की चाकाला वर जायला जागा कमी उरते. खड्ड्यात गाडी रबरी स्टॉपरवर आदळते अन् कंबर धरते. म्हणून २०-२५ मिमीच्या वर जाऊ नये. त्याच मॉडेलसाठी बनलेली स्प्रिंग घ्यावी, गळके शॉकअप सोबतच बदलावेत, नंतर अलाइनमेंट अन् हेडलाइट तपासावे.

मूळ स्प्रिंग कापणं किंवा तापवून बसवणं नकोच. कापलेली जागेवरून निसटू शकते, तापवलेली ताकद गमावते.

कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही. कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. त्यामुळे पैसे मोजण्याआधी वर्ध्याच्या आरटीओत विचारून घ्या. अन् जुन्या स्प्रिंग भंगारात देऊ नका, जपून ठेवा.