मानसोपचाराची पहिली भेट

निपाणीच्या पेठेत तंबाखूच्या वखारीवर हिशेब लिहिणारा एखादा दिवाणजी डोळ्यांसमोर आणावा. वय पंचेचाळीसच्या घरात. गेल्या वर्षी पाठचा भाऊ अकस्मात गेला आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली. पहाटे तीनच्या सुमारास तो दचकून उठतो, छातीत धडधडते, हातापायांना घाम सुटतो आणि आता आपलीही पाळी आली असे वाटते. ज्या वहीत वीस वर्षे एका पैचा फरक पडला नाही, तीत बेरजा चुकू लागल्या. गावच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, गळ्याच्या थायरॉईड ग्रंथीचीही तपासणी केली. कारण त्या ग्रंथीच्या बिघाडानेही असाच जीव घाबरतो. सर्व काही ठीक निघाले. तेव्हा डॉक्टरांनी बेळगावच्या मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी तीन आठवडे सदऱ्याच्या खिशातच राहिली.

हा दिवाणजी कल्पनेतला आहे. परंतु तशी चिठ्ठी खिशात घेऊन फिरणारी माणसे थोडी नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 साली देशातील 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत दर शंभर प्रौढांमागे सुमारे दहा जण त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित आढळले. आणि निरनिराळ्या विकारांत उपचारावाचून राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा 70 ते 92 इतके दिसून आले. म्हणजे दुखणे आहे, त्यावर इलाज आहे, परंतु दुखणाईत व इलाज यांची गाठ पडत नाही.

याचे एक कारण उघड आहे. मनाचा डॉक्टर म्हटले की लोकांच्या तोंडी चटकन ‘वेड’ हा शब्द येतो. पुण्यास येरवड्याचे नाव जसे घेतले जाते, तसे या भागात धारवाडचे. धारवाडचे मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. आज ते मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान यांची शिक्षणसंस्था म्हणून, डिमहान्स या नावाने चालते आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन रुग्ण त्याच दिवशी घरी परतू शकतो. परंतु जुन्या नावाची धास्ती जात नाही. मुलीचे लग्न ठरायचे आहे, पाहुण्यांच्या कानावर गेले तर काय, हाही विचार असतो.

दुसरे कारण कमी बोलले जाते. तेथे गेल्यावर नेमके काय घडते, हेच माणसाला ठाऊक नसते. दाताच्या डॉक्टरांकडे काय होणार हे लहान मूलही सांगेल. परंतु मनाच्या उपचारात कोण काय विचारतो आणि आपण काय सांगावयाचे, हे घरातील कोणी सांगितलेले नसते. ठाऊक नसलेल्या दाराशी पाऊल अडखळावे, यात नवल नाही. म्हणून ते दार थोडे उघडून दाखविणे उपयोगाचे ठरेल.

बोलून बरे करण्याची कल्पना आपणांस परकी नाही. भगवद्गीतेचा पहिला अध्याय हा अर्जुनाचा विषाद आहे आणि पुढचा सारा ग्रंथ संवाद आहे. समर्थांचे मनाचे श्लोक तर माणसाने स्वतःच्याच मनाशी केलेले बोलणे होय. आधुनिक मानसोपचाराचा उगम मात्र व्हिएन्ना शहरातील एका खोलीत सांगतात. तेथे 1880 ते 1882 या काळात डॉक्टर ब्रॉयर हे बर्था पापेनहाइम नावाच्या तरुणीवर उपचार करीत होते. वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. आजारात तिला आपली मातृभाषा जर्मन बोलता येईना. ती इंग्रजीच बोलू लागली. मनात साठलेले बोलून टाकले की तिला हलके वाटे. या प्रकाराला तिने इंग्रजीतच ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले आणि थट्टेने ‘धुराडे झाडणे’ असेही म्हटले. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी 1895 साली ही हकीकत प्रसिद्ध केली. तो उपचार तिला पुरता लागू पडला नाही आणि तिला पुढे रुग्णालयातही राहावे लागले. परंतु काही वर्षांनी तीच स्त्री जर्मनीत निराधार मुली व स्त्रिया यांच्यासाठी झटणारी समाजसेविका म्हणून नावारूपास आली. फ्रॉइड यांच्या मार्गाने आपल्याकडेही गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 साली कलकत्त्यास मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली.

आता चिठ्ठी घेऊन जावयाचे कोणाकडे, हे पाहावे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो बोलण्याच्या पद्धतशीर उपचारात व मानसिक चाचण्यांत शिकून तयार झालेला असतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद असावी लागते. ही नोंद आहे का, असे विचारण्यात उद्धटपणा नाही. समुपदेशक या नावाने काम करणाऱ्यांचे शिक्षण मात्र कमीअधिक असते. ते विचारूनच घ्यावे. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत मनोविकारांचा विभाग असतो आणि सरकारी रुग्णालयात खर्चही बेताचा येतो. कित्येकांना औषध व बोलणे या दोहोंची जोड लागते. एकाने दुसरे कमी होत नाही.

पहिली भेट ही बहुतांशी ओळखीची व चौकशीची असते. झोप कशी आहे, भूक लागते का, हे केव्हापासून होते, घरी कोण कोण आहे, धंद्यात ओढाताण आहे का, दारू किंवा तंबाखू किती, पूर्वी असे काही झाले होते का, घराण्यात कोणास होते का, असे प्रश्न येतात. एक प्रश्न ऐकून माणूस दचकतो: जीव द्यावा असे कधी मनात येते का? हा प्रश्न अपशकुनी नव्हे. तो विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. उलट, जो विचार एकट्याने वाहिला जात होता तो दुसऱ्याच्या कानावर जातो. याचे उत्तर खरे द्यावे.

पहिल्याच दिवशी सगळे सांगितले पाहिजे, असे नाही. रडू आले तर ते लाजेचे मानू नये. मध्येच कोणी बोलले नाही, तर ती शांतताही उपचाराचाच भाग असते. समोरचा मनुष्य न्यायाधीश नसतो आणि धर्मगुरूही नसतो. तेथे कोणी दोष ठरवीत नाही, पापाची क्षमा देत नाही आणि प्रायश्चित्तही सांगत नाही. भाऊबंदांशी वाटणी करावी की नाही, नोकरी सोडावी की धरावी, याचा निकालही तो देत नाही. निर्णय घेण्याचे बळ ज्याचे त्याला परत मिळावे, एवढ्यासाठी त्याची खटपट असते. शिवाय माणसाने आपणहूनही काही प्रश्न विचारावेत: तुम्ही कोणत्या पद्धतीने उपचार करता? साधारण किती वेळा यावे लागेल? फी किती?

सांगितलेली गोष्ट गावात फुटणार नाही कशावरून, ही शंका लहान गावात मोठी असते. 2017 साली संसदेने मानसिक आरोग्यसेवेचा नवा कायदा केला आणि 2018 च्या मे महिन्यापासून तो अमलात आला. त्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. या गुप्ततेला थोड्या मर्यादा आहेत. रुग्णाच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला धोका असेल, अथवा न्यायालयाची आज्ञा असेल, तर आवश्यक तेवढी माहिती सांगता येते. चांगला उपचारक या मर्यादा पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो. त्याने केल्या नाहीत, तर आपण विचाराव्यात.

या सीमाभागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. नोव्हेंबर 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाचे कचेरीतले कागद एका भाषेत आणि घरातले बोलणे दुसऱ्या भाषेत, असा व्यवहार चालत आला आहे. दाखला, पावती, बाजारहाट हे सारे तोडक्यामोडक्या भाषेत निभते. हाड मोडले तर खूण करूनही दाखविता येते. परंतु ‘काळजात कालवाकालव होते’, ‘जीव टांगणीला लागला’, ‘मन कशातच रमत नाही’ हे परभाषेत सांगू लागले की अर्धे सांडते. बोलण्याच्या उपचारात शब्द हेच औषध. ते सांडून कसे चालेल? येथे कित्येक घरांत मराठी व कन्नड दोन्ही सहज बोलतात आणि डॉक्टरही पुष्कळदा दुभाषी असतात. म्हणून भेट ठरवितानाच ‘मराठीतून बोलता येईल का?’ असे सरळ विचारावे. कन्नड भाषकाने कोल्हापुरास जाताना कन्नडविषयी विचारावे, तितकेच हे स्वाभाविक आहे. आपला आजार व उपचार यांची माहिती आपणांस समजेल अशा भाषेत मिळावी, हाही त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे. दुभाषा घ्यावाच लागला, तर तो शक्यतो घरातला नसावा. बायकोच्या किंवा मुलाच्या तोंडून आपले मन दुसऱ्यास कसे सांगणार?

पुढच्या भेटी बहुधा आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तासाच्या असतात. उपचाराच्या पद्धती अनेक आहेत. त्यांपैकी एक अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडली आणि कि. मो. फडके यांनी ‘विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती’ या नावाने ती मराठी वाचकांच्या परिचयाची केली. तिचे सार असे की, घटना माणसाला जितकी छळते, त्याहून त्या घटनेविषयी धरलेला हट्टी समज अधिक छळतो. आपला दिवाणजी मनाशी म्हणत असतो, ‘त्या रात्री मी भावाला वेळेवर दवाखान्यात न्यायलाच हवे होते; नेले नाही, म्हणून मीच गुन्हेगार.’ उपचारक त्याला दुःख सोडावयास सांगत नाही; भावाचे दुःख होणारच. परंतु त्या रात्री त्याला खरोखर काय ठाऊक होते, आणि आज कळलेल्या गोष्टीवरून कालच्या माणसाला शिक्षा देणे कितपत न्यायाचे, हे तो त्याच्याकडूनच तपासून घेतो. मग घरचा अभ्यास देतो: काय घडले, मनात काय आले, त्याने काय वाटले, हे तीन रकाने आखून रोज लिहिणे. हिशेबनीस माणसाला ही वही अवघड जाऊ नये.

गुण किती दिवसांत येतो? अशा पद्धतीत साधारणतः दहा-वीस भेटींचा अवधी धरतात. जुन्या जखमांना अधिक लागतो. सुरुवातीला काही वेळा अधिकच अस्वस्थ वाटते, कारण दाबून ठेवलेले वर येते. तेवढ्यावरून सोडून देऊ नये. तेच पुढच्या भेटीत सांगावे. उपचारकाशी मन जुळणे महत्त्वाचे असते. चार-सहा भेटींनंतरही जुळले नाही, तर तसे सांगून दुसऱ्याकडे जाण्यात अपराध नाही. मात्र जो लगट करतो, उसने पैसे मागतो, किंवा ‘घरी कोणाला सांगू नका’ असे बजावतो, त्याच्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये. आणि चालू असलेले औषध डॉक्टरांस विचारल्यावाचून बंद करू नये.

जेथे जिवाचाच प्रश्न असेल, तेथे भेटीची वाट पाहत बसू नये. जवळच्या रुग्णालयात जावे. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारने टेली-मानस ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि तीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांची सोय आहे. बेळगाव गाठणे ज्या विडी कामगार स्त्रीला एका दिवसाच्या मजुरीचे नुकसान वाटते, तिलाही हा पहिला शब्द घरातूनच बोलता येईल.

घरच्यांचे काम थोडे, पण मोलाचे आहे. ‘मन घट्ट कर’ हे सांगणे पुरे करावे. माणूस तेच करून दमलेला असतो. त्याऐवजी ‘मी बरोबर येतो, बाहेर बाकावर बसतो’ एवढे म्हणावे. आतले काय झाले, हे विचारू नये. दिवाणजीच्या खिशातली चिठ्ठी तीन आठवडे अडून राहिली, ती कदाचित एवढ्याच वाक्यासाठी.